उचल: म्यावाडीपासून माजलगावपर्यंत

ओसरी

आमच्या शेजारच्या काकूंचा भाचा २०२५च्या मार्चमध्ये हवाई दलाच्या विमानानं घरी आला. थायलंडच्या माए सोटहून १० आणि ११ मार्चला दोन विमानांत मिळून ५४९ भारतीय आणले, त्यातला हा एक. बातमी तुम्ही वाचली असेल. धागा काढावासा वाटला तो मात्र त्यानं जेवता जेवता सांगितलेल्या एका वाक्यामुळे.

"मला कुणी पळवून नेलं नाही. मी स्वतः बॅग भरून गेलो."

मुलगा बी.कॉम. टायपिंग चांगलं, इंग्रजी कामापुरतं. टेलिग्रामवर जाहिरात: बँकॉकमध्ये डेटा एन्ट्री, राहणं-जेवण कंपनीचं. नाव सुचवलं कॉलेजातल्या एका सीनियरनं. व्हिडिओवर रीतसर मुलाखत झाली, टायपिंगची परीक्षासुद्धा झाली. भारतीयांना तेव्हा थायलंडला आधी व्हिसा काढावा लागत नव्हता, त्यामुळे तोही प्रश्न नव्हता. विमानतळावर गाडी हजर. पण गाडी बँकॉकमध्ये थांबलीच नाही. सात-आठ तास पश्चिमेला पळून ती माए सोटला थांबली. तिथं मोएई नावाची नदी आहे, आपल्याकडच्या ओढ्याहून थोडी मोठी. होडीत बसवलं, पलीकडे उतरवलं. पलीकडे म्यानमार. गावाचं नाव म्यावाडी.

मग भिंती, तारा, बंदूकवाले. आत मात्र वसतिगृह, किराणा दुकान, सलून, सगळं. पासपोर्ट पहिल्याच दिवशी काढून घेतला. आणि साहेब म्हणाला, "तुझ्यासाठी आम्ही एजंटाला पाच हजार डॉलर मोजलेत. फेड आणि खुशाल जा."

काम काय, तर एका सुंदर बाईचा फोटो लावून परदेशातल्या एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांशी गप्पा मारायच्या. महिनाभर जीव लावायचा, मग क्रिप्टोत पैसे घालायला लावायचे. चिनी भाषेत याला 'शा झू पान' म्हणतात, म्हणजे डुक्कर पोसायचं आणि मग कापायचं. रोज चौदा-पंधरा तास. टार्गेट चुकलं की दंड, आणि तो दंड पाच हजारांत जमा. पळायचा प्रयत्न केला की विजेचा झटका. आठ महिन्यांत त्याची बाकी कमी न होता वाढली होती.

माझं आजोळ बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातलं. "बाकी वाढली" हे शब्द मी लहानपणी दिवाळीच्या आसपास शेजारच्या ऊसतोड कामगारांच्या वस्तीवर ऐकलेले आहेत. तिथं कामाआधी घेतलेल्या आगाऊ पैशांना 'उचल' म्हणतात. म्हणून मनात आलं, ही दोन टोकं एकच दोरी तर नाहीत?

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं दोन संस्थांसोबत केलेला अंदाज २०२२ साली आला. त्यात २०२१मध्ये जगात ४ कोटी ९६ लाख माणसं आधुनिक गुलामगिरीत आहेत, असं म्हटलंय. २ कोटी ७६ लाख सक्तीच्या कामात, २ कोटी २० लाख सक्तीच्या लग्नात. पाच वर्षांपूर्वीचा आकडा ४ कोटी ३ लाख होता. मानवी तस्करी म्हटलं की आपल्याला बुधवार पेठ नाहीतर कामाठीपुरा आठवतो. देहविक्रयात ढकललेली माणसं या अंदाजात ६३ लाख आहेत. हा आकडा लहान नाहीच. पण उरलेले दोन कोटींहून जास्त लोक कुठं आहेत?

तुम्ही काय पाहिलंय ते लिहा.

निवांत पाटील

बापरे. वाईट वाटलं. पण खोचक वाटेल असा प्रश्न विचारतो. माझ्या साडूचे चार लाख अशाच एका 'गुंतवणूक मैत्रिणी'नं नेले. तिकडून टाइप करणारा तुमच्या काकूंचा भाचाच नसेल कशावरून? त्याला बिचारा म्हणायचं आणि साडूनं कुणाकडं बघायचं?

ओसरी

पाटील, प्रश्न खोचक नाही, त्या मुलालाही तोच छळतो. एका म्हाताऱ्या बाईशी रोज बोलायचा. तिच्या मांजराचं नाव त्याला अजून पाठ आहे. तिचे पैसे गेले त्या दिवशी टीममध्ये घंटा वाजवून टाळ्या वाजवल्या, असं म्हणाला आणि ताटावरून उठला.

अडाणी वकील

पाटील, कायद्याचं उत्तर देतो, साडूंचं समाधान होईल असं नाही.

संयुक्त राष्ट्रांचा तस्करीविरोधी करार २००० सालचा, पालेर्मोचा. भारतानं तो २०११मध्ये मान्य केला. त्यात तीन गोष्टी बघतात. कृती कोणती (भरती, वाहतूक, आसरा), मार्ग कोणता (धाक, फसवणूक, लाचारीचा फायदा), आणि हेतू काय (शोषण). तिन्ही जुळल्या की तस्करी. "तो राजीखुशीनं गेला होता" हा बचाव तिथं चालत नाही. मूल असेल तर मार्गाचाही प्रश्न नाही, कृती आणि हेतू पुरे. आपल्याकडं आधी भादंविचं कलम ३७० होतं, १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचं १४३. त्यातही स्पष्ट लिहिलंय की पीडिताची संमती गैरलागू.

जबरदस्तीनं करायला लावलेल्या गुन्ह्याबद्दल पीडिताला शिक्षा करू नये, हे तत्त्व जगभर मान्य होतंय. प्रत्यक्षात सुटून आलेल्या पोराची पहिली रात्र चौकशीतच जाते, कारण आत दोन्ही प्रकारचे असतात: डांबलेले, आणि टक्केवारीवर चार मित्रांना बोलावून घेणारे. दुसरा पुष्कळदा आधी पहिला असतो. चार माणसं आण, तुला सोडतो, असा सौदा असतो.

आणि हो, संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयानं ऑगस्ट २०२३मध्ये म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख लोक अशा ठिकाणी अडकल्याचं म्हटलं होतं. त्यात उच्चशिक्षित, दोन-तीन भाषा येणारे पुष्कळ.

स्पष्टवक्ता

म्यानमारचं मान्य. पण ओसरीताई, ऊसतोडीला त्या पंगतीत बसवू नका. ऊसतोड कामगार स्वतः आगाऊ पैसे मागतो, घेतो, लग्नात उडवतो, आणि हंगामात फेडतो. कित्येकदा मुकादमाचे, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराचे, पैसे घेऊन दुसऱ्याच कारखान्याला पळतो, बुडालेले मुकादम मी पाहिलेत. आयटीवाल्यांचाही दोन वर्षांचा बॉण्ड असतो. तेही गुलाम का? सगळ्यालाच गुलामगिरी म्हटलं की शब्दाची धार जाते.

कोयत्याची लेक

सदस्य होऊन सहा वर्षं झाली, फक्त वाचते. आज लिहिते.

माझे आई-वडील एक कोयता. म्हणजे दोघं मिळून एक. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात, त्याला उचल कमी. माणसं मोजायचं आमचं मापच अवजाराचं.

स्पष्टवक्ता, आयटीवाला बॉण्ड मोडतो तेव्हा कंपनी वकिलाची नोटीस पाठवते. माझ्या चुलत्याची उचल फिटली नाही तेव्हा जीप आली होती. चुलता घरी नव्हता, तर चुलतभावाला बसवून नेलं. चार दिवसांनी आजीनं शेळ्या विकल्या तेव्हा तो आला. पोलिसात कुणी गेलं नाही, कारण मुकादम आमच्याच गावचा, आमच्याच भावकीतला. पुढच्या वर्षी त्याच्याकडंच उचल मागायची होती.

हिशोब सांगते. दिवाळीच्या आधी उचल. मग ट्रॅक्टरवर संसार, कारखान्याजवळ कोप्या, म्हणजे झोपड्या. पहाटे फडात, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडीत भरायच्या. रात्री दोनला गाडी आली तरी उठून भरायची. दर टनावर. वजन काट्यावर, आणि काटा आम्हाला दिसत नाही. एक दिवस आजारी पडलं की 'खाडा', म्हणजे त्या दिवसाची मजुरी नाहीच, वर दंड. पाळीत बाई फडात वाकणार कशी, खाडा परवडणार कसा, म्हणून गर्भपिशवीच काढून टाकायची. २०१९ साली बीडच्या या बायांची बातमी देशभर गाजली तेव्हा पुण्यातल्या मैत्रिणी मला विचारायच्या, "अगं, खरं का?" माझ्या आईची काढली तेव्हा ती एकतीसची होती.

हंगाम संपला की मुकादम वही उघडतो. वहीत काय लिहिलंय ते आई-वडिलांना वाचता येत नव्हतं. मी चौथीत असताना पहिल्यांदा वाचून दाखवलं. मुकादम हसून म्हणाला, "पोरगी हुशार आहे, शिकव हिला." वडिलांनी शिकवलं. पण त्या वर्षीही बाकी निघाली ती निघालीच.

लग्नात उडवतात म्हणालात. आमच्याकडं लग्न लवकर का होतं ते आता कळलं असेल. लग्न झालं की कोयता पुरा होतो.

मृद्गंध

कोयत्याची लेक, लिहीत राहा. _/\_

अडाणी वकील

स्पष्टवक्ता, तुमचा प्रश्न सुप्रीम कोर्टापुढं फार आधी येऊन गेलाय. दिल्लीत एशियाडची बांधकामं चालू होती, त्या मजुरांच्या खटल्यात १९८२ साली न्या. भगवतींनी लिहिलं की सक्ती म्हणजे फक्त बंदूक किंवा दांडकं नव्हे. भुकेपोटी माणूस किमान वेतनापेक्षा कमीवर राबत असेल तर तीही संविधानाच्या कलम २३नं बंदी घातलेली सक्तीची मजुरीच. १९८३च्या अखेरीस फरिदाबादच्या दगडखाणींच्या खटल्यात पुढचं पाऊल: मजूर सक्तीनं राबतोय असं दिसलं की उचलीपोटी राबतोय असं गृहीत धरा, खोडून काढायचं काम मालकाचं.

वेठबिगार निर्मूलन कायदा १९७६चा. त्यानुसार असं कर्ज रद्दच होतं, फेडायची गरज नाही. कर्ज वेठीचं नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी सावकाराची. उपविभाग आणि जिल्हा पातळीवर दक्षता समिती हवी. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, आणि दंड दोन हजारांपर्यंत. हो, दोन हजारच. १९७६चे दोन हजार, अजून तिथंच.

पुनर्वसनाला २०१६च्या केंद्रीय योजनेत पुरुषाला १ लाख, स्त्री किंवा बालकाला २ लाख, अतिशय गंभीर प्रकरणात ३ लाख. तातडीची मदत आता ३० हजारांपर्यंत, बाकीची गुन्हा सिद्ध होण्याशी जोडलेली. सगळं अडतं ते मुक्तता प्रमाणपत्रावर. ते दिलं की 'माझ्या जिल्ह्यात वेठबिगारी आहे' असं कागदावर येतं, आणि ते कुणाला आणायचं असतं?

मजुरी पूर्ण मिळते, सोडून जाता येतं, हिशोब दिसतो, तर उचल म्हणजे नुसती आगाऊ रक्कम. पळून जाणारे आणि मुकादमाला बुडवणारेही आहेत, हे खरं. मुकादमही कारखान्याच्या वाहतूकदाराकडून उचल घेऊनच आलेला असतो. साखळीत वर जाल तसा माणूस सुरक्षित होत जातो आणि सर्वांत वरच्याचं नाव कुठल्याच वहीत नसतं.

रानजाई

पालघरकडून. आमच्या भागात याला 'लग्नगडी' म्हणायचे. लग्नासाठी सावकाराकडून शे-दोनशे घेतले की नवरा गडी, आणि लग्न झालं की बायकोही गड्याच्या मागोमाग वाड्यावर. जन्मभर. १९४५च्या मेमध्ये झरीच्या परिषदेत वारल्यांनी वेठ आणि लग्नगडी मोडायची शपथ घेतली. श्यामराव आणि गोदावरी परुळेकर गावोगाव फिरत होते. ऑक्टोबरात गोळीबार झाला, माणसं मेली, पण त्या पट्ट्यात लग्नगडी मोडली.

वाटलं होतं संपलं. ८०च्या दशकात वसई तालुक्यात विवेक आणि विद्युल्लता पंडितांनी वेठबिगार सोडवायला घेतले तेव्हा कळलं की नुसतं दडलं होतं. आणि २०२२? नाशिक जिल्ह्यात इगतपुरी तालुक्यातली कातकऱ्यांची पोरं काही हजार रुपये आणि एका मेंढीच्या बदल्यात मेंढपाळांकडं राबायला दिल्याचं उघडकीला आलं. एक मुलगी मेल्यावर. दहाएक वर्षांची होती.

ज्या आईबापांनी पोरं दिली त्यांना त्यावेळी सगळ्यांनी शिव्या घातल्या. मी त्या वस्तीत गेले होते. झोपडीत चूल होती, चुलीवर काही नव्हतं. पोरगं मेंढ्यांमागे गेलं तर निदान दोन वेळा खाईल, असं वाटून दिलेलं.

चावडी

हे सगळं ठीक, पण मुलं पळवणाऱ्या टोळ्यांचं काय? आमच्या ग्रुपवर कालच व्हिडिओ आलाय, साधूच्या वेषात…

रानजाई

चावडी, तो व्हिडिओ पुढं पाठवू नका. विनंती नाही, हात जोडून सांगतेय. १ जुलै २०१८, राईनपाडा, ता. साक्री, जि. धुळे. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण. अशाच व्हिडिओवरून पोरं पळवणारे समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारले. ज्यांना शोधायचंय ते साधूच्या वेषात येत नाहीत हो. ते मामाच्या, मुकादमाच्या, कॉलेजातल्या सीनियरच्या वेषात येतात.

अडाणी वकील

त्याला जोडून. मे २०२३मध्ये बिहारहून सांगलीकडं मदरशात शिकायला निघालेली ५९ मुलं भुसावळ आणि मनमाडला रेल्वेतून उतरवली. सोबतच्या पाच शिक्षकांवर तस्करीचा गुन्हा, काही आठवडे तुरुंग. २०२४मध्ये पोलिसांनीच गैरसमजातून गुन्हा दाखल झाल्याचं सांगून प्रकरण बंद केलं. तोवर मुलं घरी परत गेली होती. अनोळखी माणसाबरोबर गरीब पोरं दिसली की आपल्याला तस्करी दिसते, आणि ओळखीच्या माणसाबरोबर दिसली की दिसत नाही. दोन्हीकडं चुकतो.

दर्यावर्दी

रत्नागिरीचा, सध्या दोहा. चौदा वर्षं आखातात.

आमच्या गावात प्रत्येक घरातला एक तरी 'बाहेर' असतो, त्यामुळे चांगलं-वाईट दोन्ही पाहिलंय. मी सुखात आहे, हे आधी सांगतो, नाहीतर सगळं आखात नरक आहे असा समज व्हायचा.

इकडं पूर्वी कफीलच्या, म्हणजे नोकरी देणाऱ्या मालकाच्या, कागदाशिवाय नोकरी बदलता येत नसे. कतारनं २०२०मध्ये ती अट काढली, मार्च २०२१पासून १००० रियाल किमान वेतन सगळ्यांना, घरकाम करणाऱ्यांनासुद्धा. फरक पडला. पण माणूस इथं उतरतो तेव्हाच त्याच्या डोक्यावर दोन-अडीच लाख असतात. कायद्यानं परवानाधारक एजंटाला ३० हजार आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. तेवढ्यात आलेला माणूस मला अजून भेटायचाय. बायकोचं गंठण गहाण ठेवून आलेला माणूस तीन महिने पगार थकला तरी मालकाविरुद्ध तोंड उघडत नाही. पासपोर्ट त्याच्या खिशात असला तरी काय, तिकीट काढून जाणार कुठं? गावात सावकार बसलाय.

एक महत्त्वाचं. दहावीपेक्षा कमी शिकलेल्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर', म्हणजे 'नोकरीला बाहेर जाण्याआधी तपासणी आवश्यक', असा शेरा असतो. अशा माणसाला आखातासह १८ देशांत नोकरीला जायचं तर सरकारी मंजुरी लागते, कुणीतरी करार तरी बघतं. थायलंडही त्या १८मध्ये आहे. पण दहावी पास झालं की ही अट सुटते, आणि पर्यटक म्हणून निघालं तर कुणीच विचारत नाही. म्हणजे ओसरीताईंच्या शेजारच्या त्या बी.कॉम. मुलाला विचारणारं वाटेत कुणीही नव्हतं.

थेम्सकाठी

इंग्लंडातून, थोडक्यात. ऑक्टोबर २०१९मध्ये एसेक्समध्ये बंद ट्रकमध्ये ३९ व्हिएतनामी माणसं गुदमरून मेलेली सापडली. घरच्यांनी कर्ज काढून पाठवलेली. इथं २०१५पासून आधुनिक गुलामगिरीचा कायदा आहे, मोठ्या कंपन्यांना दरवर्षी पुरवठा साखळीबद्दल निवेदन द्यावं लागतं. माझ्या कामाचा भाग म्हणून मी तसली निवेदनं वाचते. शंभरातली नव्वद एकमेकांची नक्कल असतात. फोटो मात्र छान असतात.

मृद्गंध

कुठं काही सुधारलंय का? की नुसतंच वाचून झोप घालवायची?

अडाणी वकील

आहे ना. उझबेकिस्तान. तिथं दर शरदात सरकारच शिक्षक, नर्स, विद्यार्थी यांना कापूस वेचायला जुंपायचं. जगातल्या तीनशेहून जास्त कंपन्यांनी तो कापूस घेणार नाही असं लिहून दिलं, वर्षानुवर्षं रेटलं. सरकार बदललं, धोरण बदललं, आणि मार्च २०२२मध्ये बहिष्कार उठला. ब्राझीलचं मला जास्त आवडतं. तिथं गुलामीसारख्या अवस्थेत माणसं राबवताना सापडलेल्या मालकांची यादी सरकार २००३पासून जाहीर करतं, आणि यादीत नाव आलं की बँका कर्ज द्यायला मागेपुढे पाहतात. सावकारालाच कर्ज मिळेनासं करायचं.

स्पष्टवक्ता

असली यादी आपल्याकडं निघाली तर पहिल्या पानावर कोणाकोणाची नावं असतील, या विचारानंच करमणूक झाली. कोयत्याची लेक, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. बॉण्डची तुलना मागे घेतो. मात्र २०२३मध्ये धाराशिव जिल्ह्यात विहिरी खोदायला नेलेले ११ मजूर साखळीला बांधलेले सापडले होते, ती गुलामगिरी आणि उचल यांना एकच शब्द वापरावा का, यावर माझं मत अजून कायम आहे.

कोयत्याची लेक

शब्द तुम्ही ठरवा. विहिरीतल्या मजुराला साखळी लावावी लागली कारण तो परक्या जिल्ह्यातला होता, पळाला असता. आम्हाला लावावी लागत नाही, आमचं घर मुकादमाला माहीत आहे.

नवा गडी

सगळं वाचून काढलं. माझ्या मामेभावाला बँकॉकची ऑफर आहे. केज तालुका, वय २३, डिप्लोमा झालाय. पुढच्या गुरुवारी तिकीट. 'डिजिटल सेल्स'. कसं तपासू? लवकर सांगा.

दर्यावर्दी

तिकीट कोणी काढलं? परतीचं आहे का? कंपनीचा पत्ता, नोंदणी, करार हातात आहे की नुसता व्हॉट्सअॅपवर फोटो? एजंटाचा परवाना क्रमांक मागा आणि ई-मायग्रेटच्या सरकारी संकेतस्थळावर ताडून बघा. कामाचा व्हिसा आहे का? "तिथं गेल्यावर करून देऊ" म्हणाले असतील तर तिकीट फाडा. भारतीय दूतावासाला ईमेल करून कंपनी खरी आहे का विचारता येतं. आणि मुंबईत प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं, म्हणजे परदेशी नोकरीला जाणाऱ्यांसाठीचं सरकारी, ऑफिस आहे, तिथं घेऊन जा.

ओसरी

म्यावाडीहून परत आलेला तो मुलगा बोलायला तयार आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, नंबर पाठवा, तो फोन करेल.

नवा गडी

दोघांचं बोलणं झालं, पाऊण तास. परवाना क्रमांक एजंट देत नाहीये, तिकीट एकेरी आहे, व्हिसा तिथं गेल्यावर. मामेभाऊ अजून अर्धाच पटलाय. म्हणतो, सगळे थोडेच फसतात, आणि इथं राहून काय करू. सोमवारी त्याला मुंबईला घेऊन जातोय.

एजंटाला दीड लाख आधीच दिलेत. कुठून आणले म्हणून मामाला विचारलं, तर बराच वेळ बोलेना. मग म्हणाला, मुकादमाकडून. यंदा तो आणि मामी कोल्हापूरला जाणार आहेत तोडीला. मामा पंचावन्नचा आहे, पाच वर्षांपूर्वी कोयता सोडला होता.